व्यायामाला दिलेला वेळ वसूल होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यायाम चांगला असतो याबद्दल फारसं कुणाचं दुमत नसतं. लोक विचारतात ते वेगळंच: किती वेळ जाणार, त्या बदल्यात काय मिळणार, आणि तोच वेळ दुसरीकडे घातला तर काय बिघडलं? हे प्रश्न सोप्यापासून अडचणीच्यापर्यंत क्रमाने लावले आहेत. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘नियमित व्यायाम’ म्हणजे नेमका किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावावी लागेल असं काहीतरी: वजनं उचलणं, जोर, बैठका. हा दुसरा भाग बहुतेक जण सोयीस्करपणे विसरतात.

मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागलेला. जोरकस म्हणजे चार शब्द बोलले की श्वासासाठी थांबावं लागतं. मनगटावर यंत्र नसलं तरी ही खूण पुरते. पूर्वी ‘सलग दहा मिनिटं तरी हवीत’ अशी अट असायची. ती आता राहिलेली नाही, तुकड्यातुकड्याने केलेलंही धरलं जातं.

२. म्हणजे आठवड्याचा खराखुरा किती वेळ जातो?

आठवड्यात १६८ तास असतात. १५० मिनिटं म्हणजे अडीच तास, साधारण दीड टक्का. व्यायामाचा प्रचार करणारे इथेच थांबतात आणि वेळ नसलेल्या माणसाला चिडवून सोडतात. कारण कपडे बदलणं, जाणं-येणं, घाम जिरेपर्यंत थांबणं, पुन्हा आवरणं हे त्या अडीच तासांत कुठेच नसतं. जिम लांब असेल तर चाळीस मिनिटांच्या व्यायामाला दीड तास सहज जातो. स्नायूंचे दोन दिवस धरले तर ही भर आणखी वाढते. तेव्हा प्रामाणिक हिशेब करायचा तर व्यायामाची मिनिटं दुप्पट धरा.

ही वरची भर मात्र आपल्या हातातली असते. दारातून निघून चालायला लागणाऱ्याला ती जवळजवळ शून्य. आणि कुठे जायचंच होतं तिथे चालत गेलात तर उलटा फायदा: वाहनाने १० मिनिटं लागली असती, चालत २५ लागली, म्हणजे खर्च १५ मिनिटांचा आणि व्यायाम २५ मिनिटांचा. कोणता व्यायाम ‘उत्तम’ यावर महिनाभर वाचत बसण्यापेक्षा ही भर कशी कमी होईल याचा विचार केलेला बरा.

३. हा वेळ आयुष्य वाढून परत मिळतो का? आकडे मांडून दाखवा.

मांडू या. २०१२ मध्ये साडेसहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात चाळिशीनंतरचं अपेक्षित आयुष्य असं दिसलं: काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत आठवड्याला जेमतेम ७५ मिनिटांपर्यंत भरभर चालण्याइतकी हालचाल करणारे १.८ वर्षं जास्त जगले, १५० मिनिटांची शिफारस पाळणारे ३.४ वर्षं, आणि ४५० मिनिटांच्या पुढचे ४.५ वर्षं.

आता खर्च. आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे वर्षाला १३० तास. चाळीस ते ऐंशी अशी चाळीस वर्षं धरली तर ५,२०० तास. दिवसाचे जागेपणीचे तास १६ धरले की हे ३२५ दिवस झाले. मिळालेली ३.४ वर्षं म्हणजे सुमारे १,२४० दिवस. एका दिवसाला जवळजवळ चार दिवस परत.

हिशेब फार गोड वाटतोय, म्हणून त्यात पाणी घालू. तयारी धरून वेळ दुप्पट करा: ६५० दिवस. तरीही जवळपास दुप्पट परत येतात. आता या फायद्यातला निम्मा वाटाच खरोखर व्यायामाचा आहे असं समजा (ही शंका का घ्यायची ते प्रश्न ५ मध्ये). मिळाले ६२० दिवस, घातले ६५०. फिट्टंफाट.

म्हणजे वाईटात वाईट अंदाजानेही पहिली १५० मिनिटं जवळजवळ फुकट पडतात. पुढच्या मिनिटांचं तसं नाही. १५० वरून ४५० वर जायचं तर चाळीस वर्षांत आणखी ६५० दिवस लागतात, तेही तयारीचा वेळ न धरता. त्या बदल्यात वाढतात १.१ वर्षं, म्हणजे ४०० दिवस. निव्वळ दिवस मोजायचे तर हा तोट्याचा सौदा. त्यामुळे ‘व्यायाम करावा की नाही’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. ‘कुठे थांबावं’ असं विचारलं तर उत्तर निघतं. पहिले दोन-अडीच तास जवळजवळ प्रत्येकाने काढावेत. त्यापुढचे तास आवडत असतील, स्पर्धेत उतरायचं असेल, डोंगर चढायचे असतील तर जरूर द्यावेत, पण आयुष्य वाढावं म्हणून देऊ नयेत.

४. पण ती वर्षं शेवटी मिळतात. चाळिशीतला तास देऊन ऐंशीनंतरचा तास का घ्यायचा?

आक्षेप रास्त आहे आणि प्रश्न ३ मधला हिशेब त्याला उत्तर देत नाही. तरुणपणीचा तास आणि म्हातारपणीचा तास एकाच भावाने मोजणं कुणालाही पटणार नाही.

पण व्यायामाचा मोबदला पूर्णपणे शेवटी मिळत नाही. व्यायामानंतर काही तास रक्तदाब थोडा खाली राहतो. रक्तातली साखर स्नायूंकडे वळवण्याची शरीराची क्षमता साधारण एक-दोन दिवस वाढलेली असते. (म्हणूनच मधुमेहींनी दोन दिवसांपेक्षा मोठा खंड पाडू नये असं सांगतात.) मन हलकं होणं तर त्याच दिवशीचं. हे सगळं चाळिशीतल्या माणसाला चाळिशीतच मिळतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वाढतात ती वर्षं शेवटची असली तरी सुधारतात ती मधली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, ज्यावर जिने चढतानाचा दम अवलंबून असतो, ती पावपटीहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयवाढीने झालेली घट त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघाली. मग पन्नाशीतल्या या पाच जणांना सहा महिने बेताचा व्यायाम करायला लावला आणि वयाने नेलेली ती क्षमता परत आली. पाचच माणसं आहेत, मान्य. पण ज्याला आपण ‘वय झालं’ म्हणतो त्यात निव्वळ वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, याची कल्पना यातून येते.

५. मुळात निरोगी असलेलेच व्यायाम करतात आणि म्हणून जास्त जगतात. श्रेय व्यायामाला कसं?

या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न हाच, आणि तो सुरुवातीपासून पाठ सोडत नाही. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये दाखवलं की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. नंतर त्यानेच दोघांच्या गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर तरुण वयापासूनच जास्त! म्हणजे माणसं आधीपासूनच वेगळी होती. आपल्याच निष्कर्षाला असा सुरुंग लावणारा संशोधक विरळाच.

यावरचा उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडणं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ जणांवर असा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, आहारात बदल आणि वजनात ७ टक्के घट असं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. फरक खराच, पण तो आहार आणि व्यायाम दोघांचा मिळून.

उलट बाजूही आहे. नॉर्वेत ७० ते ७७ वर्षांच्या १,५६७ जणांना पाच वर्षं गट पाडून पाहिलं. देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांत आणि उरलेल्यांत मृत्यूच्या प्रमाणात खात्रीने सांगण्याजोगा फरक आढळला नाही (निष्कर्ष २०२०). त्यात गोम अशी की ‘उरलेल्यां’नाही सरकारी शिफारशीप्रमाणे हालचाल करायला सांगितलेलं होतं, आणि ते खरोखरच बरीच करत होते.

माझं मत: मधुमेह, रक्तदाब, ताकद, तोल यांवर व्यायामाचा परिणाम होतो हे प्रयोगांनी पक्कं झालं आहे. ‘इतकी वर्षं वाढतात’ हे आकडे मात्र फुगलेले असू शकतात. म्हणूनच प्रश्न ३ मध्ये ते निम्मे करून पाहिले.

६. तीन महिने चालतोय, वजनाचा काटा हलत नाही. वेळ वाया गेला ना?

वजनासाठीच चालत असाल, तर बराचसा. ७० किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालल्यावर, बसून जळल्या असत्या त्या वजा करता, जेमतेम १००-११० कॅलरी जास्त जळतात. भूक थोडी वाढली किंवा उरलेल्या दिवसात हालचाल थोडी कमी झाली की त्या तिथेच भरून निघतात. टांझानियातले हाड्झा लोक शिकार आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन् मैल चालतात. २०१२ मध्ये त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला तेव्हा, अंगाच्या आकाराचा हिशेब धरल्यावर, तो बैठं काम करणाऱ्या पाश्चात्त्यांच्या जवळपासच निघाला. शरीर कुठेतरी काटकसर करतं.

वजन उतरवायचं काम मुख्यतः आहाराचं. उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्यात व्यायामाचा हात मोठा असतो, आणि काटा हलला नाही तरी पोटातली आणि यकृतातली चरबी कमी होऊ शकते. काट्यावर रुसून चालणं सोडणारे पुष्कळ आहेत. काटा चुकीची गोष्ट मोजत होता, एवढंच.

७. रोज १०,००० पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. हा आकडा साठच्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या उपकरणाच्या जाहिरातीतून पसरला. अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात (२०१९) दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढणं थांबलं. तरुणांसाठी ही रेघ थोडी वर असू शकते. पण रात्री ९,४०० दिसतात म्हणून घरातल्या घरात फेऱ्या मारत असाल तर खुशाल झोपा.

८. माझ्याकडे दिवसाला पंधरा मिनिटंच आहेत. काही उपयोग?

सर्वांत जास्त उपयोग याच पंधरा मिनिटांचा. तैवानमधल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या २०११ च्या अभ्यासात रोज सरासरी १५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांत, काहीच न करणाऱ्यांपेक्षा, मृत्यूचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आणि अपेक्षित आयुष्य तीन वर्षांनी जास्त आढळलं. (या तीन वर्षांनाही प्रश्न ५ मधली शंका लागू.)

त्याहून कमीही चालतं असं आता दिसतंय. व्यायाम अजिबात न करणाऱ्या २५ हजार ब्रिटिश लोकांची हालचाल मनगटावरच्या यंत्राने टिपली. त्यांतले जे दिवसातून तीनेक वेळा, मिनिट-दोन मिनिटंच पण दम लागेल अशी धावपळ करत (जिने झपाझप चढणं, ओझं घेऊन भरभर चालणं), त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ठळकपणे कमी होतं.

९. कमी वेळात जोरदार व्यायाम करून काम भागतं का?

हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढवायची तर हो. कॅनडात बैठ्या पुरुषांवर झालेला एक छोटा प्रयोग (२०१६) बोलका आहे. एका गटाने ४५ मिनिटं मध्यम गतीने सायकल मारली. दुसऱ्याने दहा मिनिटांत फक्त तीनदा, वीस-वीस सेकंद जीव तोडून मारली, बाकी वेळ हळू. आठवड्याला तीनदा, बारा आठवडे. क्षमता दोघांचीही सारखीच, सुमारे १९ टक्क्यांनी वाढली.

वेळेच्या हिशेबात याच्याइतकं स्वस्त काही नाही. अडचण एवढीच की ते वीस सेकंद खरोखर जीव तोडून द्यावे लागतात, आणि पुष्कळांना ते इतके नकोसे होतात की चौथ्या आठवड्यात सायकलवर कपडे वाळत घातलेले दिसतात. आजवर व्यायाम केलेला नसेल तर थेट इथून सुरुवात करू नका. कारण प्रश्न १३ मध्ये.

१०. आठवडाभर जमत नाही. सगळा व्यायाम सुट्टीच्या दोन दिवसांत उरकला तर?

चालेल. ब्रिटनमधल्या सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावरच्या नोंदींवरून २०२३ मध्ये दिसलं की १५० मिनिटं दोन दिवसांत भरून काढणारे आणि आठवडाभर विखरून करणारे यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरेंचा धोका सारखाच कमी होता. पाच दिवस न हललेल्या शरीराला सहाव्या दिवशी एकदम जुंपलं की स्नायू ताणला जाण्याची शक्यता मात्र असते, तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटं सावकाश. मधुमेहींनी प्रश्न ४ मधली सूचना पाहावी.

११. सकाळी व्यायाम करतो, मग दिवसभर खुर्चीत. सकाळचं सगळं धुऊन जातं का?

सगळं नाही. दहा लाखांहून अधिक लोकांच्या एका विश्लेषणात (२०१६) दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त बसण्याने वाढणारा मृत्यूचा धोका रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांत दिसेनासा झाला. त्याहून कमी व्यायामाने तो कमी होतो, पुरता जात नाही. इतका वेळ काढणं बहुतेकांना अशक्यच. त्यापेक्षा फोनवर बोलताना उभं राहणं, पाणी आणायला उठणं स्वस्त पडतं.

१२. माझं कामच अंगमेहनतीचं आहे. वेगळा व्यायाम कशाला?

दिवसभर चालणं, जिने चढणं असं काम असेल तर मध्यम व्यायामाचा वाटा बहुधा भरलेला आहे. पण ओझी उचलणं, तासन् तास उभं राहणं, वाकून एकच हालचाल करत राहणं याचा तसा फायदा अभ्यासांत दिसत नाही, काही ठिकाणी उलटंच दिसतं. एक स्पष्टीकरण असं की व्यायाम थोडा वेळ जोरात होतो आणि मग विश्रांती मिळते. कामावर विश्रांती आपल्या हातात नसते आणि रक्तदाब तासन् तास चढा राहतो. अशा कामात कमी मजुरी, धूळ, अपुरी झोप हेही सोबत येतं, त्यामुळे दोष कशाचा हे वेगळं काढणं कठीण. संध्याकाळी अंग मोडून आलेल्या माणसाला ‘आता तासभर धावा’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. आठवड्यातून दोनदा पाठ आणि पोटाच्या स्नायूंसाठी पंधरा-वीस मिनिटं दिली तर ती त्या कामातच उपयोगी पडतील.

१३. धावताना लोक जागीच कोसळतात. मग धोका कशाला घ्यायचा?

अशा वेळी बहुतेकदा जिम फिक्सचं उदाहरण दिलं जातं. अमेरिकेत धावण्याचं वेड पसरवण्यात त्याचा मोठा हात, आणि १९८४ मध्ये, ५२ व्या वर्षी, तो धावतानाच गेला. त्याच्या वडिलांना ३५ व्या वर्षी पहिला झटका आला होता आणि ते ४३ व्या वर्षी वारले होते, तो स्वतः पूर्वी खूप सिगारेट ओढायचा आणि लठ्ठ होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

तरीही धोका काल्पनिक नाही. १९९३ च्या एका अमेरिकन अभ्यासात जोरदार श्रमांनंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सरासरी सहापट झालेली आढळली. सरासरीच्या आत डोकावलं की खरी गोष्ट कळते: आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा श्रम करणाऱ्यांत ती जेमतेम अडीचपट होती, एरवी न हलणाऱ्यांत शंभरपटीहून जास्त. ज्याला वर्षाला १ टक्का धोका आहे त्याचा एका तासाचा धोका दहा लाखांत एक असतो. शंभरपट झाला तरी दहा हजारांत एक. पण हा धोका नियमित व्यायामाने कमी होतो आणि महिन्यातून एकदा जोशात येऊन केलेल्या व्यायामाने ओढवतो.

छातीत दडपण, चक्कर, विचित्र धाप असं काही असेल, हृदयविकार किंवा मधुमेह असेल, घरात कुणी लहान वयात हृदयविकाराने गेलं असेल, तर जोरकस व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा. साध्या चालण्यासाठी बहुतेकांना परवानगीची गरज नसते.

१४. धावून गुडघे झिजतात ना?

हौशी धावणाऱ्यांचे नाही. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेत धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळली. गुडघा आधीच दुखत असलेले धावणं सोडून देतात, हा फरकही त्यात मिसळलेला असणार.

१५. आईचं वय ८१. आता सुरू करून काय मिळणार?

वर्षं किती वाढतील ते सोडून द्या. या वयात प्रश्न असतो खुर्चीतून आधाराशिवाय उठण्याचा, न्हाणीघरात न पडण्याचा. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. थांबल्यावर चार आठवड्यांत त्यातली बरीच गेली, हेही त्याच अभ्यासातलं.

६५ नंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत अशी शिफारस आहे. घट्ट खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहणं, ही सुरुवात. पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी असावं. एका तासाला सर्वांत जास्त मोबदला कोणत्या वयात मिळतो असं विचारलं, तर मी याच वयाकडे बोट दाखवीन.

१६. कॉलेजात असताना खेळाडू होतो. ती पुंजी कामी येत नाही का?

फारशी नाही. हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांवरच्या राल्फ पॅफेनबर्गर यांच्या अभ्यासात, खेळाडू असून पुढे बैठे झालेल्यांना हृदयविकारापासून काही संरक्षण उरलेलं दिसलं नाही. तेव्हा न खेळलेल्या पण नंतर हालचाल ठेवलेल्यांना ते होतं. दम दोन-चार आठवड्यांत उतरायला लागतो, ताकद थोडी जास्त टिकते. एवढं खरं की एकदा कमावलेली ताकद पुन्हा कमवायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

१७. वेळ काढायचा तर झोपेतूनच काढावा लागतो. काढू?

सात तास होत असतील आणि त्यातली पंधरा-वीस मिनिटं जाणार असतील, तर काढा. साडेपाच तास झोपून पाचचा गजर लावत असाल तर नको. आधी झोप. अशा वेळी दिवसातलेच तुकडे शोधा (प्रश्न ८), किंवा सुट्टीचे दिवस वापरा (प्रश्न १०).

१८. घरी आजारी माणूस आहे, लहान मूल आहे. व्यायामाचं नाव काढलं तरी अपराधी वाटतं.

मग काही महिने, वर्ष-दोन वर्षंही नाही जमला तर नाही. वर केलेले सगळे हिशेब दशकांचे आहेत, त्यात एखाद्या अवघड वर्षाने मोठी खिंडारं पडत नाहीत, आणि उशिरा सुरू करूनही मिळतं हे प्रश्न ४ आणि १५ मध्ये आलंच आहे. जपायची ती एकच गोष्ट, पाठ. आजारी माणसाला उठवणं-बसवणं तुमच्याच पाठीवर येतं. दोन दिवसांआड दहा मिनिटं पाठ-पोट-मांड्यांसाठी काढता आली तर ती चैन समजू नका. आणि घरातल्या दुसऱ्या कुणी ती दहा मिनिटं आजाऱ्याजवळ बसावं. व्यायामाला वेळ कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हे पुष्कळदा घरातली कामं कशी वाटली आहेत त्यावर ठरतं.

१९. मला व्यायाम मनापासून आवडत नाही. तरीही करावा?

आवडीने हिशेबच बदलतो. ज्याला पोहायला आवडतं त्याच्या पोहण्याचा तास खर्चात धरायचाच कशाला? तुमच्या बाबतीत मात्र प्रत्येक मिनिट खर्च आहे, उलट वर नावडीचा भुर्दंड. तेव्हा कमीत कमीत भागवा: आठवड्याला ७५-९० मिनिटं चालणं आणि दोनदा पंधरा मिनिटं ताकदीचे व्यायाम. चालताना काही ऐकत असाल, कुणाशी बोलत असाल, तर तो वेळ दोन कामांत वाटला जातो. याहून जास्त करण्यासाठी स्वतःला छळू नका.

मन उदास असताना मात्र ‘आवडत नाही’ या भावनेवर फार विसंबू नका, कारण तेव्हा काहीच आवडत नसतं. सौम्य ते मध्यम नैराश्यात व्यायामाचा उपयोग होतो हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. चालू असलेले उपचार सोडून नव्हे, त्यांच्या जोडीला.

२०. हा सगळा हिशेब कुणाला लागूच पडत नाही?

ताप असताना, छातीत दुखणं नव्याने सुरू झालेलं किंवा वाढत असताना व्यायाम थांबवायचा, हे उघड आहे. दीर्घकालीन थकव्याच्या आजारात थोड्याशा श्रमांनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पार कोसळतो. अशा रुग्णांना ‘रोज थोडं थोडं वाढवा’ असं सांगणं अपाय करू शकतं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये या आजारासाठीची ठरावीक वेगाने वाढवत न्यायच्या व्यायामाची शिफारस मागे घेतली. एखाद्या संसर्गानंतर महिनोन् महिने असं होत असेल तर आपल्याला ‘आळस आलाय’ असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरा गट उलट टोकाचा. खाणं कमी आणि व्यायाम प्रचंड, मुलींची पाळी थांबलेली, हाडांना बारीक तडे, दुखापतीतही एक दिवस चुकला की जीव कासावीस. घरचे अशा माणसाचं कौतुक करत असतात. इथे वेळ वसूल होतोय का हा प्रश्नच नाही. व्यायाम कमी करावा लागतो, आणि तो एकट्याने कमी होत नाही: डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि बहुधा मानसोपचारतज्ज्ञ अशा तिघांची मदत लागते.